सिसिलियन ड्रॅगन: कार्पोव्ह – कोर्चनॉय (१९७४, दुसरा डाव) नेमका कसा अभ्यासावा?

प्रश्न – तिरका_उंट

मंडळी, सिसिलियन बचावाच्या ड्रॅगन प्रकारातला हा गाजलेला डाव क्लबातल्या मुलांना शिकवायला घेतोय. मुलं साधारण १४०० ते १६०० रेटिंगची आहेत. मॉस्कोतला १९७४ चा कॅन्डिडेट्स (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारा) अंतिम सामना, पांढरा कार्पोव्ह, काळा कोर्चनॉय. (हा सामना कार्पोव्हनं ३-२ असा जिंकला, बाकीचे १९ डाव बरोबरीत. पुढच्या वर्षी तेव्हाचा जगज्जेता फिशर खेळलाच नाही, त्यामुळे जगज्जेता ठरवणारा सामना व्यवहारात हाच ठरला.)

खुणा अशा: रा राजा, व वजीर, ह हत्ती, उ उंट, घ घोडा. प्याद्याला अक्षर नाही. × म्हणजे मारणं, + म्हणजे शह, ०-० आणि ०-०-० म्हणजे कॅसलिंग, आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल. एकाच घरात दोन मोहरी जाऊ शकत असतील तिथे कंसात मूळची फाइल (उभी ओळ) किंवा रांग (आडवी ओळ) दिली आहे.

१. ई४ सी५ २. घ-एफ३ डी६ ३. डी४ सी×डी४ ४. घ×डी४ घ-एफ६ ५. घ-सी३ जी६ ६. उ-ई३ उ-जी७ ७. एफ३ घ-सी६ ८. व-डी२ ०-० ९. उ-सी४ उ-डी७ १०. एच४ ह-सी८ ११. उ-बी३ घ-ई५ १२. ०-०-० घ-सी४ १३. उ×सी४ ह×सी४ १४. एच५ घ×एच५ १५. जी४ घ-एफ६ १६. घ(डी)-ई२ व-ए५ १७. उ-एच६ उ×एच६ १८. व×एच६ ह(एफ)-सी८ १९. ह-डी३ ह(४)-सी५ २०. जी५ ह×जी५ २१. ह-डी५ ह×डी५ २२. घ×डी५ ह-ई८ २३. घ(ई)-एफ४ उ-सी६ २४. ई५ उ×डी५ २५. ई×एफ६ ई×एफ६ २६. व×एच७+ रा-एफ८ २७. व-एच८+ आणि काळ्यानं डाव सोडला.

इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) लावलं की आकडा दिसतो, पण कारण कळत नाही. अडलेल्या जागा:

एक, १९. ह-डी३ ही एवढी शांत चाल कशासाठी? हल्ला एच फाइलवर चाललाय आणि हत्ती डी३ वर, पुढे एफ३ वर स्वतःचंच प्यादं आडवं.

दोन, २४. ई५ वर सगळे दोन-दोन उद्गारचिन्हं देतात. आधी एफ६ वर मारून घ-एच५ का नाही?

तीन, काळ्याची खरी चूक कोणती? मुलांना "ड्रॅगन खेळू नका" एवढंच सांगून मोकळं व्हायचं नाहीये.

---

पाचवी_रांग

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. त्याचं उत्तर मिळालं की पहिला आपोआप सुटतो.

१८व्या चालीनंतर पट मांडा आणि इंजिन बंद ठेवा. काळ्याचा राजा कशाच्या जोरावर उभा आहे ते शोधा. पांढऱ्याचा वजीर एच६ वर, मागे एच१ वर हत्ती, एच फाइल मोकळी. एच७ वर मात बसत नाही याचं कारण फक्त एफ६ वरचा घोडा. तो एच७ ही राखतो आणि डी५ ही. दुसरा राखणदार लांबून काम करतो म्हणून चटकन दिसत नाही, तो म्हणजे ए५ वरचा वजीर. पाचव्या रांगेतून तो थेट जी५ पर्यंत पोचतो. १९व्या चालीपासून पांढऱ्याची प्रत्येक चाल या दोघांपैकी एकाला कामावरून काढण्यासाठी आहे. मुलांना वहीत दोन रकाने करायला लावा, "एफ६ चा घोडा" आणि "ए५ चा वजीर", आणि प्रत्येक चाल कुठल्या रकान्यात जाते ते लिहायला सांगा. काही चाली दोन्हीत जातील. त्याच भारी चाली.

आता एफ६ च्या घोड्याला हुसकायची सरळ वाट म्हणजे जी५. पण १९. जी५ वर घोडा एच५ वर जातो आणि एच फाइलच बंद करतो. तो अडसर फोडायला पांढऱ्याला ई२ चा घोडा एफ४ वर आणावा लागेल. आणि ई२ चा घोडा तर सी३ ला बांधलेला! सी फाइलवर काळ्याचे दोन हत्ती एकामागे एक उभे आहेत. ई२ चा घोडा हलला की सी३ ला आधार उरतो तो फक्त बी२ च्या प्याद्याचा, आणि मग ह×सी३ हा ड्रॅगनमधला नेहमीचा घाव बसतो. सी३ ला डी२ वरून आधार देणारा वजीर तर एच६ वर निघून गेलाय.

म्हणून १९. ह-डी३. सी३ ची राखण हत्तीकडे आली आणि ई२ चा घोडा सुटा झाला. हत्ती एच३ कडे जाणार नाहीये, एफ३ च्या प्याद्याची चिंता नको. १६. घ(डी)-ई२ मागेही हाच हिशोब होता: घोडा डी४ वर उघडा पडला होता आणि ई२ वरून सी३ ला आधार मिळत होता. १६व्या चालीला लगेच उ-एच६ केलं तर १६...घ×ई४! येतं. १७. घ×ई४ ह×डी४, आणि हत्ती वजिरावर चालून आलेला. उंट ई३ सोडून गेला की डी४ चा आधार जातो, हे तिथे दिसतं.

२०. जी५ ला काळ्यानं हत्तीनं मारलं, सी५ रिकामं झालं. आता २१. ह-डी५! नीट बघा: हा हत्ती एका बाजूला ए५ च्या वजिरावर आणि दुसऱ्या बाजूला जी५ च्या हत्तीवर एकाच वेळी रोखलेला आहे. २१...घ×डी५ केलं तर एफ६ चा राखणदार गेला, २२. व×एच७+ रा-एफ८ २३. व-एच८ मात. २१...व×डी५ २२. घ×डी५ मध्ये वजीर जातो. म्हणून ह×डी५ भाग पडतं. बरेच जण इथे २१. घ-डी५ सुचवतात. त्यावर ह×डी५ २२. ह×डी५ व×ए२ येतं. सी३ चा घोडा गेल्यावर ए२ राखायला कुणी नाही, आणि शिकारीला निघालेलाच सावज होतो.

२२. घ×डी५ नंतर घ×ई७+ ची धमकी आहे, कारण ई७ वरून घोडा राजाला शह देता देता सी८ च्या हत्तीलाही धरतो. २२...व-डी८ नं ई७ राखलं तर २३. घ(ई)-एफ४ व-एफ८ २४. घ×एफ६+ ई×एफ६ २५. व×एच७ मात, काळ्याचा स्वतःचाच वजीर एफ८ वर वाट अडवून बसलेला. म्हणून कोर्चनॉयनं ह-ई८ केलं.

आणि आता २४. ई५. तुम्ही म्हणता तसं आधी २४. घ×एफ६+ ई×एफ६ २५. घ-एच५ करून बघा. जी७ वर मात आहे, जी६ च्या प्याद्यानं घोडा मारला तर ह-जी१+. पण काळा २५...व-जी५+! खेळतो. शह देत वजीर बदलायला लावतो आणि हल्ला तिथेच विरतो. पुढे एफ६ वरच्या काट्यानं (घोड्याचा एकाच वेळी राजा आणि हत्तीवर हल्ला) पांढऱ्याला हत्ती मिळतो खरा, पण काळ्याकडे प्याद्यांचा ढीग आहे. एवढ्या मेहनतीचं ते फळ नव्हे. ई५ नं पाचवी रांगच बंद केली. २४...डी×ई५ २५. घ×एफ६+ ई×एफ६ २६. घ-एच५ आणि आता व-जी५+ नाही, कारण ई५ वर काळ्याचंच प्यादं आडवं. २६...जी×एच५ २७. ह-जी१+ रा-एच८ २८. व-जी७ मात.

---

मोहरा_मोजा

छान लिहिलंय. एक किरकोळ पण वेळखाऊ गोष्ट जोडतो.

हा डाव हातानं टाइप करून पीजीएन (संगणकावर डाव साठवायची मजकुराची फाइल) बनवताना हमखास अडकायला होतं. कंस दिलेल्या चार चाली बघा: १६, २३ या पांढऱ्याच्या, १८, १९ या काळ्याच्या. चारही ठिकाणी दोन मोहरी त्या घरात जाऊ शकतात. १९व्या चालीला सी४ च्या ऐवजी सी८ चा हत्ती सी५ वर नेला तर पुढच्या तीन चाली बिनबोभाट बसतात आणि २२...ह-ई८ ला प्रोग्राम "चाल अवैध" म्हणून ओरडतो, कारण उरलेला हत्ती सी४ वर असतो. चूक १९ वर, ओरड २२ वर. मुलं मग २२ भोवतीच शोधत बसतात.

दुसरं, कॅसलिंग. पीजीएनमध्ये ते रोमन ओ अक्षरानं लिहायचं, शून्यानं नाही. शून्य टाकलं तर काही प्रोग्राम चालवून घेतात, काही फाइलच घेत नाहीत.

लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर स्टडी (डावाचा धडा) बनवत असाल तर एकाच चॅप्टरमध्ये सगळं कोंबू नका. अख्खा डाव एका चॅप्टरमध्ये, १९व्या चालीपूर्वीची स्थिती दुसऱ्यात, २४व्या पूर्वीची तिसऱ्यात. शेवटच्या दोनमध्ये पुढच्या चाली लपवण्याची सोय चालू करा. नाहीतर उजवीकडची यादी बघून मुलं "मला सापडलं" म्हणतात.

---

तिरका_उंट

@पाचवी_रांग, ह-डी३ चा उलगडा झाला, आभार. मुलांनी आज दोन शंका काढल्या. त्या इथेच टाकतो.

एकीनं विचारलं, प्रत्यक्ष डावात २५...ई×एफ६ नंतर २६. घ-एच५ का नाही? पाचव्या रांगेत डी५ वर काळ्याचाच उंट आहे, वजीर जी५ ला येऊच शकत नाही. मग व×एच७+ हा लांबचा रस्ता कशाला?

दुसऱ्याचं म्हणणं, २०...घ-एच५ का नाही? हत्तीनं जी५ मारायची घाई कशाला?

---

पाचवी_रांग

पहिली शंका काढणारीला शाबासकी द्या. पाचवी रांग बंद आहे हे तिनं बरोबर हेरलं, पण ई फाइल उघडली आहे हे निसटलं.

२६. घ-एच५?? ह-ई१+! आता राजाला डी२ वर जाता येत नाही, कारण ए५ वरून वजीर तिरक्या रेषेत डी२ वर रोखलेला आहे. २७. ह×ई१ भागच आहे, आणि २७...व×ई१ मात. पांढऱ्याला स्वतःची मात एका चालीवर असताना मात बसते. २४...डी×ई५ च्या लाइनमध्ये तीच घ-एच५ चालते, कारण तिथे ई५ वरचं प्यादं ई फाइल पण बंद करतं. एकाच घरातलं एक प्यादं वजिराची रांग आणि हत्तीची फाइल दोन्ही अडवतं. दोन्ही स्थिती शेजारी शेजारी दोन पटांवर मांडा आणि "इथे घ-एच५ जिंकते, तिथे हरते, फरक शोधा" एवढंच विचारा. तासभर पुरेल.

प्रत्यक्ष डावातली २६. व×एच७+ लांबची नाही, नेमकी आहे. प्रत्येक चाल शहाची, काळ्याला ह-ई१+ ला उसंतच नाही. २७. व-एच८+ रा-ई७ २८. घ×डी५+ व×डी५ २९. ह-ई१+ आणि आता वजीर मध्ये घातला तर वजीर जातो, राजा डी७ वर पळाला तर ३०. व×ई८+ नं हत्ती जातो.

दुसरी शंका. २०...घ-एच५ २१. घ-एफ४. (हीच ती चाल, जिच्यासाठी १९व्या चालीला हत्ती डी३ वर आणला.) २१...घ×एफ४ २२. व×एच७+ रा-एफ८ २३. व-एच८ मात. म्हणून २१...ह×जी५, आणि पुन्हा तोच वार: २२. ह-डी५! ह×डी५. आता इथे थांबा. मुलं पटकन २३. घ×एच५ म्हणतील, जी७ वर मात दिसते म्हणून. ते चूक. २३...ह×एच५! डी५ चा हत्ती पाचव्या रांगेतून सरळ एच५ वर येतो. २४. ह×एच५ व×एच५ २५. व×एच५ जी×एच५ आणि काळ्याकडे हत्ती आणि उंट, पांढऱ्याकडे एकटा घोडा. डाव उलटला.

बरोबर चाल २३. घ(सी)×डी५. आधी पाचव्या रांगेतला हत्ती काढा, मग एच५ कडे बघा. ई७ वर काटा आहे आणि घ×एच५ पण आहे. २३...घ×एफ४ वर पुन्हा एच७, एच८ ची मात. २३...व-डी८ वर २४. घ×एच५ जी×एच५ २५. ह-जी१+ रा-एच८ २६. घ-एफ६! आणि एच७ ची मात, ई७ च्या प्याद्यानं घोडा मारला तर जी७ ची.

---

सहाव्या_ओळीचा_राजा

आतापर्यंत सगळं पांढऱ्याच्या खुर्चीत बसून चाललंय. तिसऱ्या प्रश्नाला हात घालतो.

काळ्याची चूक एकच दाखवा म्हटलं तर मी १६...व-ए५ वर बोट ठेवीन. चाल दिसायला नैसर्गिक आहे, ड्रॅगनवाला झोपेतही खेळेल अशी. पण १७. उ-एच६ नं काळ्याचा जी७ चा उंट बदलला जातो, आणि तो उंट म्हणजे ड्रॅगनचा प्राण. तो गेल्यावर राजाभोवतीची काळी घरं कुणी राखायची? नंतर सगळ्यांनी पसंत केलेली चाल १६...ह-ई८. कल्पना साधी: १७. उ-एच६ वर उ-एच८! एफ८ वरून हत्ती आधीच बाजूला झालाय, म्हणून उंटाला एच८ वर सरकता येतं आणि हत्तीही मारला जात नाही. पांढऱ्याचा उंट एच६ वर नुसता लोंबकळत राहतो. त्यावर १७. ई५ हा तिखट प्रयत्न आहे आणि काळा १७...घ×जी४ १८. एफ×जी४ उ×जी४ असा घोडा देऊन उत्तर देतो. ती वेगळीच जत्रा, १६०० च्या मुलांना आत्ता नको.

त्याहून आधीचा फाटा १२व्या चालीला. १२...घ-सी४ च्या जागी १२...एच५. अमेरिकन ग्रँडमास्टर सोल्टिसच्या नावानं ही लाइन ओळखतात. पांढऱ्याची एच५ ही चालच हिरावून घ्यायची. राजापुढचं प्यादं हलवू नये हा शाळेतला नियम इथे गुंडाळून ठेवावा लागतो. जी४ करून पांढरा फोडू शकतो, पण त्याला आणखी एक प्यादं आणि वेळ खर्चावा लागतो.

जोडीला दाखवायला डाव हवा असेल तर आनंद – कास्पारोव्ह, न्यूयॉर्क १९९५, जगज्जेतेपदाचा अकरावा डाव घ्या. तिथेही १२. एच४ एच५. २०व्या चालीपर्यंत वजीर पटाबाहेर, हल्ला वगैरे काही नाही, आणि काळ्याचा सी फाइलवरचा दाब तसाच टिकून. ३०. घ-बी६?? ही आनंदची घोडचूक. ३०...ह×बी४+ ३१. रा-ए३ ह×सी२ आणि आनंदनं डाव सोडला. का सोडला ते मुलांना शोधू द्या: ३२. ह×सी२ ह-बी३+ ३३. रा-ए२ ह-ई३+! हत्ती बाजूला होता होता ई६ च्या उंटाचा शह उघडतो आणि ई१ वरचा हत्ती जातो. हे दोन डाव एकत्र शिकवले तर "ड्रॅगन म्हणजे मरण" असला गैरसमज राहणार नाही.

"ड्रॅगन खेळावा का" याबद्दल एक व्यावहारिक मुद्दा. या पातळीवर समोरचा ९. उ-सी४ पर्यंत येतच नाही. २. सी३ येईल, ३. उ-बी५+ येईल, २. घ-सी३ करून बंद सिसिलियन येईल. आलाच तर ६. उ-ई२ चा शांत प्रकार. युगोस्लाव्ह अटॅकमध्येही (वरच्या डावासारखा एफ३ आणि व-डी२ चा प्रकार) ९. उ-सी४, ९. ०-०-० आणि ९. जी४ असे तीन फाटे. ९. ०-०-० वर काळ्याला डी५ करता येतं, ९. उ-सी४ मुळे ते अडतं, एवढा फरक समजला तरी सुरुवातीला पुरे. पाठांतर मागून.

---

काटेकोर_कांबळी

वरच्या सगळ्यांशी सहमत, पण इंजिन पूर्ण बंद ठेवा या सल्ल्याशी नाही. शिकवणाऱ्यानं आधी इंजिनसोबत बसलंच पाहिजे. नाहीतर मुलानं विचारलेल्या तिसऱ्या चालीला उत्तर नसतं. फक्त ते कसं वापरायचं याला पद्धत आहे.

इंजिन एका वेळी दाखवतं त्या पर्यायी चालींच्या ओळींची संख्या तीन ठेवा. एकच ठेवली तर दुसरी चाल पहिलीपेक्षा किंचितच वाईट आहे की डाव घालवणारी आहे हे समजत नाही, आणि अशा डावात नेमका तोच फरक महत्त्वाचा. २४व्या चालीला पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत केवढी दरी आहे ते बघा. १६व्या चालीला ती दरी तेवढी नाही. म्हणजे १६ वर मुलांशी चर्चा करायची आणि २४ वर आकडेमोड करून घ्यायची. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला तर वर्ग कंटाळतो.

दुसरं, इंजिनची चाल बघायची नाही, मुलाची चाल इंजिनला खेळून दाखवायची. पोरगं म्हणालं २१. घ-डी५, तर ती पटावर करा, आणि इंजिन काय उत्तर देतं ते बघा. उत्तर आलं की इंजिन बंद, आता तेच उत्तर का आलं ते मुलानं सांगायचं. ए२ रिकामं पडलं हे त्याच्या तोंडून आलं पाहिजे.

तिसरं, मोबाइलवर दोन-चार सेकंदांत आलेला आकडा खरा धरू नका. प्यादी देऊन चढवलेल्या हल्ल्यात उथळ खोलीवर इंजिन प्यादीच मोजत बसतं. २२...ह-ई८ च्या स्थितीत पांढरा दोन प्याद्यांनी मागे आहे. निदान मिनिटभर थांबा, आकडा स्थिरावू द्या.

आणि @सहाव्या_ओळीचा_राजा, १६...व-ए५ ला "एकच चूक" म्हणणं मला जरा घाईचं वाटतं. १८...ह(एफ)-सी८ पण बघा. एफ८ सोडल्यामुळे राजाला एफ८ ची वाट मिळाली असं वाटतं, पण ई७ वर स्वतःचंच प्यादं असल्यामुळे एफ८ वर राजा सापळ्यात सापडतो. वरच्या लाइन्समध्ये एच८ ची मात किती वेळा आली ते मोजा. दरवेळी एफ८ वरच.

---

सहाव्या_ओळीचा_राजा

मान्य, "एकच" हा शब्द मागे. पण १८ वर हत्ती एफ८ वर ठेवला तरी एफ६ चा घोडा हलला की एच७ वर मातच आहे, राजाला पळायला घर नाही. काळी घरं राखणारा उंट गेल्यावर कुठलाही हत्ती कुठेही ठेवा, दुखणं तेच. म्हणून माझं बोट १६ वरून हलत नाही.

---

काटेकोर_कांबळी

चालेल, बोट तिथेच राहू द्या. मुलांना दोन्ही मतं सांगितली तर ती स्वतः पटावर भांडतील, तेच हवंय.

---

तिरका_उंट

शेवटचं एक. दीड तासाचा वर्ग आहे, बारा मुलं, सहा पट. यातलं काय ठेवू, काय सोडू?

---

पाचवी_रांग

पहिल्या पंधरा चाली दहा मिनिटांत उरका. एवढंच सांगा की १४. एच५ हे प्यादं एच फाइल उघडायला दिलंय आणि ९. उ-सी४ नं डी५ रोखलंय. आनंदचा डाव पुढच्या वेळी.

१८व्या चालीनंतर थांबून पंधरा मिनिटं दोन रकान्यांचं काम. मग १९ ते २२ पर्यंत तुम्ही दाखवत जा, पण २१ ला थांबून घ-डी५ आणि ह-डी५ दोन्ही त्यांच्याकडून खेळवून घ्या.

उरलेला वेळ २२...ह-ई८ च्या स्थितीला. सहाही पटांवर मांडा. पांढरे: राजा सी१, वजीर एच६, हत्ती एच१, घोडे डी५ आणि ई२, प्यादी ए२, बी२, सी२, ई४, एफ३. काळे: राजा जी८, वजीर ए५, हत्ती ई८, उंट डी७, घोडा एफ६, प्यादी ए७, बी७, डी६, ई७, एफ७, जी६, एच७. चाल पांढऱ्याची. मांडून झाल्यावर प्यादी मोजायला लावा, पाच विरुद्ध सात. एक कमी-जास्त झालं तर लाइन्स जुळणार नाहीत.

प्रत्येकाला दहा-दहा मिनिटं घड्याळ लावून खेळू द्या, मग रंग बदलून परत. पांढरा घेणारे बहुतेक घ×एफ६+ लगेच करतील. अडवू नका. काळ्याला व-जी५+ सापडलं नाही तर डाव संपल्यावर दाखवा, सापडलं तर दाखवायची गरज नाही.